मिठागरं वाचवायची की घरं मागायची? समाजवादी विचाराकडे याचं उत्तर आहे का?

भांडुपची_सई

सगळ्यांना नमस्कार. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न मांडते आहे.

मी भांडुप पूर्वेला राहते. द्रुतगती मार्गाच्या पलीकडे मिठागरं, त्यापुढे तिवरं आणि खाडी. आमचा एक लहानसा गट आहे. रविवारी उदंचन केंद्राच्या (पंपिंग स्टेशनच्या) रस्त्याला पक्षी बघायला जायचो, त्यातूनच मिठागरं वाचवण्याच्या कामाला लागलो. धारावी पुनर्विकासात जे 'अपात्र' ठरतील त्यांच्या भाड्याच्या घरांसाठी कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंडची मिळून सुमारे २५६ एकर मिठागर जमीन द्यायचं २०२४ मध्ये ठरलं. तेव्हापासून हरकती, निवेदनं, सह्या असं सगळं चालू आहे.

मागच्या बैठकीत आमच्यातलेच एक काका म्हणाले, "इथे धारावी आणून टाकणार, आपल्या भागाचं वाटोळं होणार." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते ऐकवेना. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत होते, संपात घरी बसले ते बसलेच. गिरणी कामगारांच्या घरासाठी केलेला अर्ज अजून फायलीत आहे आणि आता मुंबईबाहेर, दूर शेलू-वांगणीला घर घ्या म्हणतात. घरी आई म्हणते, "तुमची ती बगळ्यांची जागा आम्हाला द्या, आम्ही राहतो तिथे." तिला काय उत्तर द्यावं तेही कळत नाही.

आमच्या अभ्यासगटात हा विषय काढला तर चर्चा दोनच वाटांनी जाते. एक म्हणतो, पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं काम, आधी घरं आणि रोजगार. दुसरा म्हणतो, समाजवाद्यांनी निसर्गाबद्दल बोलूच नये, अरल समुद्र कोणी आटवला?

मला पोथीतलं उत्तर नको आहे. घर मागणारा माणूस आणि झाड-पाणी वाचवणारा माणूस एकाच बाजूला उभे राहिले, असं कुठे झालं आहे का? झालं असेल तर कशामुळे, आणि मोडलं असेल तर कोणी मोडलं? आपल्याकडचं उदाहरण असेल तर फारच बरं.

कोलकात्याचा_पाहुणा

अरलचा मुद्दा टाळण्यासारखा नाही, म्हणून आधी तोच घेतो. सोव्हिएत राजवटीत अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी १९६० नंतर कापसासाठी वळवलं गेलं आणि समुद्र आटला. जमीन सरकारी होती, मालक नव्हता, नफा नव्हता, तरी हे झालं. मच्छीमार गावांना विचारणारं कोणी नव्हतं आणि त्यांना 'नाही' म्हणायचीही सोय नव्हती. मालकी सार्वजनिक झाली म्हणजे सगळं आपोआप सुधारतं असं मानणाऱ्याने हे उदाहरण कायम समोर ठेवावं.

बँकेच्या नोकरीत माझी बदली कोलकात्याला झाली होती आणि मी तिथे बरीच वर्षं राहिलो. शहराच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरांचा पाणथळ पट्टा आहे. शहराचं सांडपाणी कालव्यांनी तिथल्या उथळ तळ्यांत सोडतात. तळ्यांना भेडी म्हणतात. ऊन आणि शेवाळ मिळून पाणी निवळतं, त्यावर मासा पोसतो, पुढे तेच पाणी भाताला जातं. शेजारी धापाला कचऱ्याच्या खतावर भाजी होते. पहाटे मासळीबाजारात भेडीतला रोहू-कातला जिवंत तडफडत विकायला येतो आणि तो गरिबाला परवडतो. इतक्या मोठ्या शहराचा मैला असा जिरवणारी कोट्यवधींची यंत्रणा बांधावी लागली नाही, कारण कोळी आणि शेतकरी ते काम पिढ्यान्‌पिढ्या करत आले.

आणि याच पट्ट्यावर व्यापार केंद्र उभारायचा बेत नव्वदच्या सुमारास डाव्या आघाडीच्या सरकारने केला. ते थांबलं १९९२ मध्ये उच्च न्यायालयात, नागरिकांच्या एका संस्थेच्या अर्जावर. त्याच सरकारच्या नोकरीतले एक अभियंता, ध्रुवज्योती घोष, या पट्ट्याचं मोल कागदावर मांडत राहिले. २००२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. झेंडा कुठला आहे यावर मी तरी भरवसा ठेवत नाही.

येरळाकाठ

सई, मी विट्याजवळ राहते. भूगोल शिकवायचे, आता निवृत्त आहे. तू आपल्याकडचं उदाहरण मागितलंस आणि तुझे आजोबा संपातले निघाले, म्हणून सविस्तर लिहिते. घाई असेल तर रात्री वाच.

माझे वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. आधी कितीतरी वर्षं बदली कामगार, मग कायम. आमच्या गावच्या लोकांचा करी रोडला गाळा होता, पाळ्या बदलतील तशी माणसं आळीपाळीने झोपायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. पावसाळ्याच्या आत मिटेल असं सगळे धरून चालले होते. खानापूर, आटपाडी, खटाव, माण, या दुष्काळी पट्ट्यातली हजारो माणसं ट्रंक घेऊन गावी परतली आणि रोजगार हमीवर खडी फोडायला बसली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथे सापडतं. ही माणसं गिरणीत राहून आलेली होती. सभा भरवणं, मागणी लिहून काढणं, साहेबाला जाब विचारणं त्यांच्या अंगवळणी पडलं होतं. खडी फोडून दुष्काळ हटणार कसा, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली. कितीही खडी फोडली तरी पुढच्या वर्षी पुन्हा खडीच. त्यापेक्षा पाणी अडेल, माती टिकेल असं काम द्या. त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. भारत पाटणकर त्यात होते, गेल ऑम्वेट होत्या, पण कणा होता तो गावी परतलेल्या गिरणी कामगारांचा आणि खडीवरच्या बायांचा.

आता येरळा. उन्हाळ्यात आमची नदी वरून कोरडी दिसायची, पण वाळूत हातभर खणलं की झिरा लागायचा. आई आणि मी वाटीने पाणी काढून हंडा भरायचो. एक हंडा भरायला बराच वेळ लागे, कारण उपसलं की पाणी परत झिरपायला थांबावं लागायचं. मग ट्रक येऊ लागले. ठेकेदार लिलावात वाळू घ्यायचे आणि रात्रंदिवस उपसायचे. वाळू गेली तिथे खाली मुरूम आणि काळा खडक उघडा पडला. पुढच्या उन्हाळ्यात त्या जागी कितीही खणलं तरी झिरा लागेना, आणि काठच्या विहिरींचं पाणीही खाली गेलं. ती वाळू शहरांतल्या इमारतींत गेली. शाळेत मी हे शिकवायचे तेव्हा पोरांना फळ्यावर काढून दाखवावं लागायचं, मी मात्र हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

लोकांनी वाळू उपशाला विरोध केला. पण नुसतं 'उपसा बंद' एवढंच म्हणून ते थांबले नाहीत. थोडी वाळू गावाने स्वतः विकायची आणि त्या पैशातून धरण बांधायचं, अशी मागणी त्यांनी केली. सरकार हो-नाही करत राहिलं. अखेर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी बळीराजा स्मृती धरण बांधलं. दाते नावाचे नामांकित अभियंता आराखड्याला होते, हात गावाचे होते. वडील तिथे श्रमदानाला जायचे. गिरणीत छातीत बसलेला कापसाचा तंतू त्यांना खोकवायचा, तरी पाटी सोडायचे नाहीत. १९९० च्या सुमारास धरण पुरं झालं.

धरणं बांधणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. या धरणाचं वेगळेपण पाणीवाटपाच्या नियमात आहे. पाणी जमिनीच्या प्रमाणात वाटायचं नाही, घरटी सारखं वाटायचं, आणि ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही त्यालाही सारखाच वाटा. भूमिहीनाने आपल्या वाट्याचं पाणी दुसऱ्याच्या रानाला देऊन बटईने पीक काढावं, हा त्यामागचा विचार. या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, हेही ठरलेलं. पुढे आटपाडीकडे समन्यायी पाणीवाटपाची लढाई झाली तिचं मूळ इथलंच.

म्हणून तुझ्या अभ्यासगटातल्या पहिल्या मित्राला सांग की पर्यावरण हे पोट भरलेल्यांचं काम असतं तर खडी फोडणाऱ्या बाईने नदीच्या वाळूसाठी ट्रक अडवले नसते.

आता मुंबईकडे येते, कारण तीच माणसं तिथेही अडकलेली होती. गिरण्या बंद पडत गेल्या आणि प्रश्न आला जमिनीचा. गिरणगावात सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेली एक तृतीयांश मालकाला. बाग आणि घर एकाच नियमात, एकाच मापाने. तुझी आई आणि तुझा गट, दोघांच्या मागण्या त्या एका ओळीत बसलेल्या होत्या. मालकांना हे मान्य नव्हतं, म्हणून वर्षानुवर्षं जमीन पडून राहिली. १९९६ मध्ये वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या समितीने सलग आराखडा मांडला, तोही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या २५ गिरण्यांपुरता, कारण खासगी मालकांनी समितीला आत येऊच दिलं नाही.

मग २००१ मध्ये नियमात दुरुस्ती झाली. वाटणी करायची ती फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची. ज्या जमिनीवर गिरणीचे शेड उभे आहेत ती वाटणीतून बाहेर. गिरणी पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ लगेच कळतो. गिरणीत मोकळी जागा असते कुठे? फाटकापासून मागच्या भिंतीपर्यंत खातीच खाती. म्हणजे शेड पाडून मोकळी झालेली जमीन मालकाची, आणि आधीपासून मोकळा असलेला तुकडा तेवढा तिघांत वाटायचा. बाग गेली आणि घरंही गेली, दोन्ही एकाच दुरुस्तीत.

यावर २००५ मध्ये मुंबईतली एक पर्यावरण संस्था उच्च न्यायालयात गेली, बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अ‍ॅक्शन ग्रुप. दत्ता इस्वलकरांची गिरणी कामगार संघर्ष समिती याच जमिनींसाठी आधीपासून रस्त्यावर होती. सुनावण्यांच्या त्याच वर्षी २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि पाणी जिरायला शहरात जागा उरली नाही याचा अर्थ सगळ्यांना कळला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयाने संस्थेच्या बाजूने निकाल दिला. ७ मार्च २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. तर घर मागणारे आणि मोकळी जागा मागणारे एका बाजूला आले होते का? आले होते. कशामुळे? जमिनीचा वाटा दोघांनाही हवा होता आणि तो एकाच दाराने चालला होता.

पण याच संस्थेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरोबर होणार नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली अतिक्रमणं हटवा, हा १९९५ चा अर्जही तिचाच. त्यावरच्या १९९७ च्या आदेशानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. जंगल वाचायला हवं, यात मला शंका नाही. पण ज्यांच्या घरावर बुलडोझर फिरला त्यांना कुठे जायचं ते आधी ठरलेलं नव्हतं, आणि सुरुवातीला दाखवलेली जागा कल्याणजवळची होती. निवारा हक्क सुरक्षा समिती वर्षानुवर्षं लढली तेव्हा कुठे चांदिवलीला संघर्षनगर उभं राहिलं. संस्था एकच, शहर एकच. एका वेळी कष्टकऱ्यांच्या सोबत, एका वेळी त्यांच्या विरोधात. अर्ज लिहिताना 'वाटा कोणाचा' हा प्रश्न त्यात घातला होता की नाही, एवढाच फरक मला दिसतो.

मार्क्सचा सहकारी एंगल्स, त्याने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिलं, त्यात त्याचं निरीक्षण असं आहे की गलिच्छ वस्त्या नाहीशा होत नाहीत, त्या फक्त दुसरीकडे हलवल्या जातात. चेंबूरजवळचं माहुल आठव. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या वस्त्या हटवून माणसं तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी नेऊन ठेवली, जिथली हवा आरोग्याला घातक आहे असं राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच सांगितलं होतं. आणि तुम्हाला जे वांगणी दाखवतात, त्याच वांगणीजवळ २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली होती. हजारावर प्रवासी. आमच्याकडची मंडळी होती गाडीत, ती कोल्हापूरचीच गाडी. गिरणगावात कोट्यवधींची जमीन टॉवरला, आणि गिरणी चालवणाऱ्याला नदीच्या पुराचा शेजार.

कोलकात्याच्या पाहुण्यांचं म्हणणं मला मान्य आहे. लाल झेंड्याच्या पक्षांनी उत्पादन वाढलं की सगळं साधलं असं फार काळ मानलं. खरं तर मार्क्स स्वतः लंडनचा मैला थेम्समध्ये वाया जातो आणि शेताची ताकद परत शेतात जात नाही, यावर कळवळून लिहीत होता. भेडीतले कोळी जे करतात तेच त्याला हवं होतं, आणि त्याच भेडीवर त्याचे अनुयायी इमारती बांधायला निघाले. म्हणून मी पक्षाला विचारत नाही, नियमाला विचारते. ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला पाण्यात, मोकळ्या जागेत, घरात वाटा आहे का? आणि तो वाटा बदलायचा तर त्याला विचारावं लागतं का? बळीराजा धरणावर दोन्हींचं उत्तर 'हो' होतं. अरलकाठी दुसऱ्याचं 'नाही' होतं. २००१ मध्ये मुंबईत दोन्हींचं 'नाही' झालं.

ओला_सुका

येरळाकाठ ताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. मी पुण्याची, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीच्या बायांबरोबर थोडं काम करते, म्हणून एवढंच जोडते.

१९९३ मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कचरावेचकांची ही संघटना झाली. बहुसंख्य दलित बाया. त्यांनी पहिल्यांदा मांडलं की आम्ही कचरा उचलतो म्हणजे शहराचं काम करतो, पालिकेचा खर्च वाचवतो, तर आम्हाला पालिकेने कामगार म्हणून ओळखावं. ओळखपत्रं मिळाली. २००८ पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था पालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. प्लास्टिक कुठलं विकलं जातं, दुधाची पिशवी वेगळी का ठेवायची, काचेचा भाव कधी पडतो, हे त्यांना जेवढं कळतं तेवढं मी कुठल्या तज्ज्ञाच्या तोंडून ऐकलेलं नाही. तरी दर काही वर्षांनी मोठा ठेकेदार आणि गाड्या आणायचा विषय निघतो. कचरा यंत्राने दाबून नेला की त्यातला सुका माल हाताने वेगळा काढता येत नाही. बायांची भाकरी जाते आणि डेपोवरचा ढीगही वाढतो.

सई, तुमच्या मिठागरांवर काम करणारी माणसं कोण आहेत, हे तुमच्या गटाने कधी विचारलं का? मीठ पिकवणारे, खाडीत जाळी टाकणारे. हरकतीच्या अर्जावर त्यांचे अंगठे आहेत का?

व्हिएन्नाहून

मी नोकरीनिमित्त व्हिएन्नात असतो. आपल्याकडचं उदाहरण मागितलं आहे हे वाचलं, तरी सत्तेच्या बाजूने इथलं एक सांगण्यासारखं आहे.

१९१९ मध्ये इथे सोशल डेमोक्रॅट पालिकेत निवडून आले. शहरात घरांची दैना होती. क्षयरोग इतका की त्याला व्हिएन्नाचा रोग म्हणत. त्यांनी १९२३ मध्ये घरबांधणी कर लावला, चढत्या दराने. सगळ्यात महागड्या अर्ध्या टक्का मालमत्तांकडून त्या कराचा जवळजवळ ४५ टक्के पैसा आला. त्यातून १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. मी रोज हायलिगेनश्टाट स्थानकावर उतरतो, समोर कार्ल-मार्क्स-होफ आहे. एक किलोमीटरहून लांब इमारत, १३०० हून जास्त घरं, आणि एवढं असूनही जागेच्या पाचव्या भागापेक्षा कमी जमिनीवर बांधकाम. बाकी अंगणं आणि झाडं. शेजारच्या बाकावर आजही पेन्शनर बसलेले असतात. कपडे धुण्याची, अंघोळीची, बालवाडीची सोय तेव्हाच आत होती. म्हणजे घर आणि मोकळी जागा एकमेकांच्या जिवावर उठलीच पाहिजेत असं नाही.

हे जमलं कारण १९२२ पासून व्हिएन्ना हे ऑस्ट्रियातलं स्वतंत्र राज्य झालं होतं. कर लावायचा अधिकार हातात आला. आपल्या मुंबईची अवस्था काय? ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजन हा विषय बाराव्या परिशिष्टात पहिला ठेवला, पण आयुक्त राज्य सरकार नेमतं, मोठे भूखंड वेगळी प्राधिकरणं हाताळतात. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते. मिठागरांचा निर्णय झाला त्या काळात सईताईंनी हरकत घ्यायची ती कोणापुढे?

आणि सत्ता हातात असली तरी ती टिकवावी लागते. फेब्रुवारी १९३४ मध्ये लष्कराने याच कार्ल-मार्क्स-होफवर तोफा डागल्या, पक्षावर बंदी आली, महापौर कार्ल झाइट्स यांना अटक झाली. घरं मात्र पालिकेकडेच राहिली, आणि युद्धानंतर काम पुन्हा सुरू झालं.

भांडुपची_सई

सगळ्यांचे मनापासून आभार. येरळाकाठ ताई, तुमचं उत्तर आईला वाचून दाखवलं. ५८ नंबरचा नियम तिला तोंडपाठ आहे हे मला माहीतच नव्हतं. आजोबा मोर्च्यांना जायचे तेव्हा घरात हेच बोलणं असायचं म्हणाली.

ओला_सुका ताई, नाही, अंगठे नाहीत. आम्ही मीठ पिकवणाऱ्यांशी कधी बोललोच नाही.

आता नेमकं विचारते. पुढच्या आठवड्यात नवीन निवेदन लिहायचं आहे. 'धारावी इथे नको' हे वाक्य मला त्यात नको आहे, पण गटातले बरेच जण त्याच कारणाने सह्या करतात. ते काढलं तर सह्या कमी होतील. काय करू?

येरळाकाठ

वाक्य काढ. सह्या कमी झाल्या तर होऊ देत. त्या वाक्यावर मिळालेली सही उद्या मिठागरावर धारावीऐवजी टॉवर येतो म्हटलं की मागे घेतली जाईल.

त्याच्या जागी काय लिहायचं ते सांगते. धारावीत काम करणाऱ्या आंदोलनाची स्वतःची मागणी काय आहे ते आधी वाच. पात्र-अपात्र असा भेद न करता सगळ्यांना धारावीतच घर द्या, हीच त्यांची मागणी आहे. कुंभारवाड्यातला माणूस भट्टी सोडून मुलुंडला येऊन काय करणार? चामड्याचं काम, शिवणकाम, पापड लाटणं, सगळं त्या गल्ल्यांत एकमेकांना धरून आहे. म्हणजे त्यांनाही मिठागरावर यायचं नाही, आणि तुम्हालाही मिठागर द्यायचं नाही. तुम्ही दोघं एकच गोष्ट मागता आहात आणि अजून भेटला नाहीत.

तर निवेदनात दोन मागण्या एकाखाली एक येऊ देत. मिठागरांची जमीन बांधकामाला देऊ नये, कारण भरतीच्या वेळी पाऊस झाला की ते पाणी तिथेच थांबतं. आणि धारावीतल्या प्रत्येक कुटुंबाला, पात्र असो वा अपात्र, धारावीतच घर मिळावं. तिसरी मागणी आईला विचारून घाल, शेलू-वांगणीबद्दलची. मग ते निवेदन घेऊन धारावीत जा, सह्या मागायला. मिठागरावरच्या कामगारांकडे जा, कोळीवाड्यात जा. तुमच्या त्या काकांनाही सोबत ने, आढेवेढे घेतले तरी ने.

एक व्यवहाराची गोष्ट. आता नगरसेवक आहेत. प्रभागातल्या नगरसेवकाला मिठागरावर तू काय भूमिका घेणार, हे लेखी विचारा आणि उत्तर आलं की इमारतीच्या फळ्यावर लावा. आमच्याकडे पाणीवाटपाच्या वेळी प्रत्येक पुढाऱ्याकडून असंच लेखी घेतलं होतं. बोलणं फिरवणारे पुष्कळ भेटले, सही फिरवणं त्यांना जड गेलं.

निवेदनाचा मसुदा झाला की इथेच टाक, मी बघते. आणि आईला ५८ नंबरबद्दल जे आठवतं ते लिहून ठेवायला सांग. कुठल्या मोर्च्यात काय मागितलं, कोण मंत्री भेटला, काय कबूल केलं, सगळं.